दोन सीटांची गाडी

छतरपूरच्या पुढे फार्महाऊसांची रांग लागते, तिथे जाऊन एक गाडी तपासायची आणि ट्रकवर चढवून द्यायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. डिसेंबरातला शनिवार. द्वारकेतल्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, इतकं धुकं. श्रीरंग मोघे चहा पिऊन, मफलर गुंडाळून निघाला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, पण उजेडाकडे बघून कुणी पाच म्हणालं असतं तरी खपलं असतं.

श्रीरंगचा धंदा जरा वेगळा. जुन्या महागड्या गाड्या विकल्या जाण्याआधी तो तपासून द्यायचा. विकणारा म्हणतो गाडी चकाचक आहे, घेणाऱ्याला वाटतं हा थापा मारतोय. मग श्रीरंगने वाकून, झोपून, हुंगून जे लिहून द्यायचं ते दोघांनी मानायचं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण त्याने लिहिलेलं कधी खोटं निघालं नव्हतं. त्याचा शब्द या बाजारात चालायचा.

आजची गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. सांगितलं तरी तुमच्याआमच्यापैकी कुणी ती घ्यायला जाणार नाही. जगभरात मिळून अशा सत्तर बनल्या आणि मग कंपनीने बनवणं बंद केलं. पेट्रोलचं इंजिन आणि विजेच्या मोटारी एकाच पोटात. इंजिन पेटलं की कानठळ्या बसाव्यात, आणि विजेवर चालली की मांजर गेल्याइतकाही आवाज नाही. एवढा सगळा थाट, आणि सीटा दोनच.

"बाबा, प्लीज एक फोटो काढून आणा ना," तनया दारात येऊन म्हणाली होती. "मी ती गाडी फक्त फोनवर बघितली आहे यार."

"यार काय, बाप आहे मी तुझा."

"अच्छा, बाबा यार."

लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ही एकुलती एक पोर. आता तेविसावं लागलं होतं, नोकरीही लागली होती, तरी ती मेट्रोने उशिरा आली की श्रीरंग स्टेशनच्या जिन्याखाली उभा असायचा. लोक हसायचे. हसू देत, म्हणायचा. त्याचा सगळा जीव त्या पोरीत होता, आणि ते लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

फार्महाऊसच्या फाटकावर चौकीदाराने नाव विचारलं आणि त्याला आत नेलं. धुक्यात झाडं होती की भिंत होती, कळत नव्हतं. पायऱ्यांवर एक साठीची बाई शाल लपेटून उभी होती. तिने हिंदीत नमस्कार केला, हातातलं त्याचं कार्ड वाचलं आणि थबकली.

"मोघे? म्हणजे आपले?"

"हो. तुम्हीपण...?"

"मी माहेरची मराठी. पद्मजा. लग्न करून सेठींच्या घरात आले त्याला पस्तीस वर्षं झाली." ती अगदी हलकं हसली. "घरात मराठी बोलायला एक समर्थच होता. माझा मुलगा. गाडी त्याचीच."

परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस लगेच मऊ होतो. श्रीरंग तिला ताई म्हणू लागला, ती त्याला श्रीरंगराव. तळघराकडे जाता जाता तिने सांगितलं ते थोडक्यातच होतं. समर्थ एप्रिलात गेला. सव्वीस वर्षांचा. सकाळी ती चहा घेऊन खाली गेली तर तो गाडीत बसलेला, हात स्टिअरिंगवर. डॉक्टर म्हणाले हृदय. त्या दिवसापासून गाडी जागची हलली नव्हती.

ते श्रीरंगला ठाऊक होतं. विक्री तीनदा ठरून तीनदा मोडली होती. कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून दोनदा येऊन गेला. बॅटरी भरलेली, किल्ली ओळखली जाते, दोष एकही दाखवत नाही, पण गाडी काही जागी होत नाही. आता अहमदाबादचा कुणी हौशी तयार झाला होता, आणि त्याची अट एवढीच होती की गाडीने आपल्या पायांनी ट्रकवर चढावं.

"या गाडीचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," वातावरण हलकं करावं म्हणून श्रीरंग म्हणाला.

पद्मजाबाई हसल्या नाहीत. त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

तळघरात थंडी होती, आणि वास होता. रबराचा नाही, तेलाचा नाही. बंद कपाटातल्या नव्या कपड्यांना येतो तसला. मधोमध ती गाडी. ओल्या पाटीसारखा रंग, कमरेइतकीही उंची नाही. श्रीरंगने लॅपटॉप जोडला, तारा लावल्या, दीड तास खटपट केली. सगळं ठीक होतं. बटण दाबलं की पडदा क्षणभर उजळायचा आणि विझायचा.

पद्मजाबाई एका लाकडी खुर्चीवर बसून होत्या. मधेच म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी, बायको, मुलगी. गेल्या वर्षी आई गेली, आता तिघंच."

"लग्न झालं मुलीचं?"

"नाही हो. आत्ताशी तेविसावं. बघायला सुरुवातसुद्धा नाही केली."

"नाव काय?"

"तनया."

त्या गाडीच्या काचेकडे बघत होत्या. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की श्रीरंगला हातातलं काम थांबवावं लागलं.

"श्रीरंगराव, या घरात दहाव्याला कावळ्याला विचारत नाहीत. यांच्याकडे ती पद्धतच नाही. मी म्हटलं होतं, पण कोण ऐकतं... त्याचं काय राहिलं ते कुणी विचारलंच नाही."

श्रीरंगने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले तेव्हा यमुनेच्या घाटावर पिंड ठेवून सगळे उभे होते. कावळे समोर, पण एक शिवेल तर शपथ. काकांनी सांगून पाहिलं, बहिणीने सांगून पाहिलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात श्रीरंग पुढे होऊन म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही," आणि शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. तेव्हापासून तो या गोष्टींना हसत नसे.

"तुम्ही विचारून बघा ना," पद्मजाबाई म्हणाल्या. "आपल्यात विचारतात तसं."

"मी? ताई, ते घरच्यांनी विचारायचं असतं."

"मी विचारलं. महिनाभर रोज विचारलं. माझ्याच्याने नाही झालं." त्या खुर्चीवरून उठल्या. "एकदाच. तुमचंही काम होईल."

आता बघा, शहाणा माणूस इथे थांबला असता. निदान काय देतोय ते ठरवून बोलला असता. पण समोर पोर गमावलेली आई, दीड तासाची हार, आणि फाटकात ट्रक उभा. श्रीरंगने चपला काढल्या, गाडीसमोर उभा राहिला आणि हात जोडले. संकोचाने त्याला नीट वाक्यही सुचेना.

"समर्थ, बाळा," तो म्हणाला, "तुझं जे काही राहिलं असेल, ते मी पुरं करीन. माझा शब्द."

गाडीचे दिवे लागले.

आवाज काहीच झाला नाही. दोन पांढऱ्या रेघा उजळल्या, त्याच्या जोडलेल्या हातांवर उजेड पडला, आणि आतला पडदा जागा होऊन जागाच राहिला. पद्मजाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या, असं श्रीरंगला तेव्हा वाटलं.

तो आत बसला. गाडी वळून चढणीला लागली तशी घंटी सुरू झाली. टिंग... टिंग... शेजारच्या सीटवर माणूस आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी ती खूण. सीट रिकामी होती. श्रीरंगने हाताने चाचपून पाहिली, रिकामीच होती. सेन्सर बिघडला असेल म्हणून त्याने गाडी थांबवली, पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. घंटी थांबली. पण पट्टा सीटच्या पाठीला टेकला नाही. वीतभर पुढे, फुगीर राहिला, कुणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा.

श्रीरंगने समोर बघत गाडी चालवली. फाटकापर्यंतचं अंतर दोन मिनिटांचं, त्याला ते संपता संपेना. धुक्यात चाकांखालची वाळू तेवढी करकरत होती. बंद कंटेनरच्या ट्रकमध्ये गाडी चढवून तो उतरला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, त्या थंडीत. ट्रकवाल्याने चारही चाकं पट्ट्यांनी जखडली, दार लावलं आणि निघाला. श्रीरंगने रिपोर्टात लिहिलं: शेजारच्या सीटचा सेन्सर तपासावा. बाकी ठीक. खोटं लिहायची त्याची ही पहिली वेळ.

जाताना पद्मजाबाईंनी एक लाल कापडी पिशवी त्याच्या हातात दिली. आत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"तनयासाठी. तिच्या ओटीत घाला, विसरू नका."

"कशाला हे ताई," श्रीरंग म्हणाला, आणि घेतलं. दिल्लीत जन्म गेलेला माणूस. कुणी मराठी बाईने प्रेमाने काही दिलं की घ्यायचं, एवढंच त्याला माहीत.

महिपालपूरच्या सिग्नलला त्याची स्वतःची गाडी अडकली तेव्हा त्याने रसिकाला, म्हणजे बायकोला, फोन लावला. काम झालं म्हणून सांगितलं, मराठी बाई भेटली म्हणून सांगितलं, ओटीचंही सांगितलं. रसिकाने त्याला मधेच थांबवलं.

"अहो, कुणाची ओटी म्हणालात?"

"आपल्या तनयाची."

"कुमारिकेला खण-नारळ कसा दिला त्यांनी? लग्न न झालेल्या मुलीची ओटी भरत नाहीत. भरलीच तर एकदाच, साखरपुड्याला. आणि ती तिची होणारी सासू भरते."

मागचे हॉर्न वाजवत होते. सिग्नल हिरवा होऊन गेला होता. श्रीरंगने गाडी कडेला घेतली, रसिकाचा फोन ठेवला आणि पद्मजाबाईंना लावला. त्यांनी पहिल्या घंटीला उचलला, जणू हातातच धरून बसल्या होत्या.

"काय राहिलं होतं त्याचं?" श्रीरंगने विचारलं.

"लग्न," त्या म्हणाल्या. "दुसरं काय राहणार, सव्वीस वर्षांच्या मुलाचं? मराठी मुलगी हवी, म्हणायचा. शेजारी बसवून फिरायला न्यायची. मी आज-उद्या करत राहिले. गेल्यावर रोज कबूल केलं त्याला, आणीन म्हणून. त्याने ऐकलं नाही. माझा शब्द कसा चालेल? तो मुलीच्या बापाचाच लागतो."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दिला असतात?"

"ताई, माझी एकच मुलगी आहे. मी शब्द परत घेतो. ऐकताय ना? परत घेतला."

"मला सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची माया होती, तीच ऐकवत नव्हती. "ज्याला दिला त्याला सांगा. आणि ताई कसली, श्रीरंगराव. आता आपण परके का?"

त्याने फोन कापला. रसिकाला पुन्हा लावला. "तनयाला आज घराबाहेर सोडू नकोस. मी येईपर्यंत कुणालाही दार उघडू नकोस."

"काय झालं?"

"आल्यावर सांगतो. दार उघडू नकोस, बस."

घर उजवीकडे होतं, वीस मिनिटांवर. जयपूरचा हायवे समोर होता आणि ट्रक त्याच रस्त्याने गेला होता. घरी जाऊन पोरीला छातीशी धरून बसावं, की ज्याला शब्द दिला त्याला गाठावं? पद्मजाबाईंचा राग येत होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. शब्द काही हिसकावून घेतला नव्हता कुणी. त्याने आपल्या तोंडाने दिला होता, चपला काढून. त्याने ट्रकवाल्याला फोन केला, जिथे असशील तिथे थांब म्हणाला, आणि गाडी हायवेला घातली.

ट्रक मानेसरच्या पुढे एका ढाब्यावर उभा होता. दुपारचे दोन वाजले होते आणि सूर्य नावाचं काही आभाळात नव्हतं. ट्रकवाल्याने कुरकुरत कंटेनरचं दार उघडलं. गाडी आत होती, चारही चाकं जखडलेली, दिवे विझलेले. शेजारच्या सीटचा पट्टा आता सैल लोंबत होता. खटक्यातून सुटलेला. श्रीरंगने तो स्वतः अडकवला होता आणि नंतर त्याला हात लावला नव्हता.

त्याने लाल पिशवी गाडीसमोर ठेवली. ढाब्यावरून पत्रावळीत गरम भात आणला, त्याचा गोळा केला आणि ट्रकच्या मागे मोकळ्या जमिनीवर ठेवला. वरच्या तारेवर कावळे होते, दहा-बारा तरी. शेजारच्या टेबलाखाली पडलेल्या पोळीसाठी मघापासून भांडत होते.

"समर्थ," तो हात जोडून म्हणाला, "तुझी ओटी परत आणली आहे. मी न समजता बोललो. मुलीचा शब्द बापाने तिला न विचारता द्यायचा नसतो, माझं चुकलं. दुसरं काहीही माग."

कावळे ओरडायचे थांबले. एकही खाली आला नाही.

"तुझ्या नावाने वर्षश्राद्ध घालीन. दर वर्षी घालीन." कुणी हललं नाही. "तुला शेजारी कुणी हवं असेल तर मी येतो. मला ने."

ट्रकवाला दातात काडी घालून बघत होता. कावळे मान तिरकी करून भाताकडे बघत होते, भात दिसत होता त्यांना, वाफा निघत होत्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक कावळा तारेवर दोन पावलं सरकला आणि पुन्हा बसला.

फोन वाजला. रसिका होती, आणि तिचा आवाज चक्क खुशीत होता.

"काय हो तुम्ही! आधी म्हणता दार उघडू नको, जीव नुसता टांगणीला. मग तुमचा पुन्हा फोन आला, एक मुलगा येईल, तनयाला पाठव म्हणून, तेव्हा कुठे बरं वाटलं."

"रसिका, मी त्यानंतर फोन केलाच नाही."

"तुटतोय तुमचा आवाज. अहो, काय गुणी मुलगा आहे. दिल्लीत वाढलेला, पण मराठी किती सुरेख. वाकून नमस्कार केला मला. म्हणाला, बाबांशी बोलणं झालंय. पाणी दिलं तर घेतलं नाही, एवढंच. आणि तनया, जी कुणाकडे ढुंकून बघत नाही, ती लगेच चप्पल घालून तयार."

"तिला थांबव. रसिका, खाली धाव, तिला थांबव..."

"आत्ताच बसली बघा. बाल्कनीतून हात करतेय मी. एक राउंड मारून येतो म्हणाला. धुक्यात नीट दिसत नाही, पण कसली बुटकी गाडी ती, आणि चालू झाली तरी आवाज म्हणून नाही. निघालेसुद्धा."

श्रीरंगने कंटेनरमध्ये पाहिलं. गाडी तिथेच होती, हाताच्या अंतरावर, चारही चाकं जखडलेली.

त्याच्यामागे पंखांची फडफड झाली. तारेवरचा एक कावळा उतरला, तिरपा चालत भातापाशी गेला आणि त्याने चोच मारली. मग दुसरा आला. मग सगळेच आले, आणि पत्रावळीवर दाटी झाली.

ट्रकवाल्याने तोंडातली काडी टाकली आणि दाराच्या कडीला हात घातला.

"लो साहब, खा लिया इन्होंने," तो म्हणाला. "अब चलें?"